गटग, कट्टा आणि झाशीचा फलाट

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच एका फजितीने करतो.

नोकरीच्या निमित्ताने मी झाशी जिल्ह्यातल्या गरौठ्यात आलो आणि इथलाच झालो. एका शनिवारी शेजारच्या भाईसाहेबांनी विचारलं, "कल कहाँ की तैयारी है?" मी सहज म्हणालो, "झाँसी जा रहा हूँ, हमारा कट्टा है." त्यांनी आधी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं आणि मग हळूच म्हणाले, "ज़रा धीरे बोलिए." मला काहीच कळेना. मग लक्षात आलं, की या भागात कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल!

मी त्यांना समजावलं, की आमच्याकडे कट्टा म्हणजे बसून गप्पा मारायची जागा. इंटरनेटवर ओळख झालेली मराठी माणसं प्रत्यक्ष भेटतात, त्यालाही आम्ही कट्टाच म्हणतो. यावर त्यांनी साधा प्रश्न केला. "मिलना है तो मिलना कहिए. उसके लिए अलग शब्द क्यों?"

आजचा भाग या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. 'भेट' हा चांगला, जुना, सगळ्यांना कळणारा शब्द असताना नवा शब्द का लागला?

आधी थोडं मागे जाऊ. गरौठा तहसिलीतच गुरसराय आहे. तिथे मराठी घराण्याची जहागीर होती. अठराव्या शतकात बुंदेलखंडाचा कारभार पाहणारे गोविंदपंत बुंदेले, म्हणजे मूळचे गोविंद बल्लाळ खेर, यांचा पुण्याशी संबंध मुख्यतः पत्रांतून चाले. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड छापला. त्यात पानिपतच्या आधीच्या काळातली गोविंदपंतांची बरीच पत्रं आहेत. १७६० साली सदाशिवरावभाऊ दिल्लीकडे गेले, तेव्हा पैसा आणि रसद यांसाठी त्यांनी गोविंदपंतांकडे पत्रांमागून पत्रं धाडली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले.

त्या काळच्या पत्रांची भाषा पाहा. कागदावर न मावणारी किंवा कागदावर घालणं धोक्याचं असलेली गोष्ट 'मुखजबानी' कळवली जाई. काही गोष्टी 'रूबरू' बोलायच्या, काही 'समक्ष', काही 'भेटीअंती'. पत्र म्हणजे अर्धी भेट, असं आपण म्हणतोच. उरलेल्या अर्ध्यासाठी हे शब्द होते. म्हणजे माणसं लांबून बोलू लागली, की समोरासमोरच्या बोलण्याला वेगळं नाव द्यावं लागतं. सगळेच समोर बसलेले असतील, तर 'समक्ष' म्हणायची गरज कुणाला?

प्रत्येक नव्या साधनाबरोबर हेच पुन्हा घडलेलं दिसतं. हौशी रेडिओवाले, ज्यांना आपण हॅम म्हणतो, ते वर्षानुवर्षं एकमेकांना फक्त आवाजावरून किंवा मोर्सच्या कट्ट-कडावरून ओळखतात. ते प्रत्यक्ष भेटले, की त्या भेटीला 'आयबॉल' म्हणतात. आयबॉल म्हणजे डोळ्याचं बुबुळ. इतके दिवस कानाने ओळखलेला माणूस आता डोळ्यांनी पाहिला, हा त्यातला अर्थ. अमेरिकेतले ट्रकवाले आपल्या रेडिओवरून बोलत, त्यांच्यातही हाच शब्द रूढ झाला.

पुढे संगणक एकमेकांना जोडले गेले. अमेरिकेतल्या संगणकवाल्यांच्या शब्दकोशात 'ॲट पार्टी' असा एक शब्द आहे. त्यातला ॲट म्हणजे ई-मेलच्या पत्त्यातलं गोल शेपटीचं चिन्ह. विज्ञानकथाप्रेमींच्या संमेलनात ही मेजवानी होई आणि नेटवर्कवर पत्ता असलेल्यांना व त्यांच्या सोबत्यांनाच तिथे प्रवेश मिळे. अशी पहिली नोंदलेली मेजवानी १९८० च्या जुलैमधली, कॅलिफोर्नियातली आहे. जपानमध्ये अशा भेटीला 'ऑफकाई' म्हणतात. ऑफ हे ऑफलाइनमधलं आणि काई म्हणजे सभा.

इंग्रजीत आणखी दोन शब्द आले. एक 'आयआरएल', म्हणजे 'इन रिअल लाइफ', खऱ्या आयुष्यात. दुसरा 'मीटस्पेस'. देवनागरीत लिहिल्यावर हा मीट भेटीचा वाटेल, पण तो मांसाचा आहे. विल्यम गिब्सनने १९८२ च्या एका कथेत 'सायबरस्पेस' हा शब्द वापरला. पुढे त्याच धर्तीवर, हाडामांसाची माणसं वावरतात त्या जगाला थट्टेने मीटस्पेस म्हणू लागले. या दोन्ही शब्दांत एक बाजू हलकी ठरते. पहिल्यात पडद्यावरचं आयुष्य खोटं ठरतं, तर दुसऱ्यात शरीर म्हणजे नुसता मांसाचा गोळा. २००९ साली स्टॉकहोममध्ये 'पायरेट बे' या संकेतस्थळावर खटला चालला, तेव्हा आरोपींपैकी एकाने आयआरएल या शब्दालाच हरकत घेतली होती. आम्ही 'एएफके', म्हणजे कळफलकापासून दूर, असं म्हणतो, कारण इंटरनेटही खरंच आहे, असा त्याचा मुद्दा होता.

आता आपल्या घरी येऊ. 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ साली अमेरिकेतून सुरू झालं. देशोदेशीचे मराठी लोक तिथे लिहू लागले, वाद घालू लागले आणि अर्थातच भेटू लागले. 'गेट टुगेदर'ची आद्याक्षरं जीटीजी. ती देवनागरीत उतरली आणि झालं 'गटग'. गदिमा आणि पुलं म्हणणाऱ्या भाषेला हे अवघड नव्हतं. शब्द इतका मुरला, की त्याला मराठी प्रत्यय लागले. गटगला येणार का? गटगचा वृत्तान्त कोण लिहिणार? पावसाळी सहलीचा वर्षाविहारही असाच 'ववि' झाला.

यात एक गंमत आहे. इंग्रजी गप्पांमध्ये जीटीजी म्हणजे 'गॉट टू गो', मला निघायला हवं. तीच तीन अक्षरं जगभर निरोपासाठी वापरली जात होती आणि मराठी माणसांनी ती भेटीसाठी वापरली.

२००७ साली सुरू झालेल्या 'मिसळपाव'वर मात्र 'कट्टा' रुळला. हा शब्द नवा नाही. दगडी ओटा, शिवाजी पार्कभोवतीची बसकी भिंत, कॉलेजातली ठरलेली बैठक, हे सगळे कट्टेच. ज्यांचा तो कट्टा सुटला होता, त्यांनी त्याचं नाव मात्र सोबत नेलं. सिंगापुरात किंवा लंडनमध्ये हॉटेलच्या टेबलाभोवती चार मराठी माणसं बसली, तरी तो कट्टाच.

माझा त्या रविवारचा कट्टा दोन माणसांचा होता. आठेक वर्षं मी इंटरनेटवर एका गृहस्थांशी भांडत होतो. विषय बहुतेक वेळा शुद्धलेखनाचा. शेवटच्या वादात मी त्यांना बरंच टोचून लिहिलं होतं आणि नंतर दोन महिने आमचं बोलणं बंद होतं. मग त्यांचा निरोप आला. झेलम एक्सप्रेसने लेकीकडे दिल्लीला जातोय, गाडी झाशीला थांबते, जमलं तर या.

मी त्यांना चाळिशीतले समजत होतो. डब्याच्या दारात सत्तरीचे काका उभे होते, एका हाताने दांडी धरून. मी वाकून नमस्कार केला. दोघांनाही बोलायला सुचेना. आठ वर्षांत हजारो शब्द लिहिले असतील, आणि फलाटावर मी विचारलं काय, तर "जेवलात का?" त्यांनी पिशवीतून भाकरवडीचा पुडा काढून माझ्या हातात दिला. "इकडे मिळत नसेल," एवढंच म्हणाले. शिट्टी झाली आणि गाडी हलली.

आम्ही अजूनही ऱ्हस्व-दीर्घावरून भांडतो. पण लिहिताना मला दांडी धरलेला तो हात दिसतो आणि माझं एखादं वाक्य मी खोडतो. भाईसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. आमची ओळख आठ वर्षांची आणि खरी होती, म्हणून ही पहिली भेट म्हणता येईना. पण काही राहून गेलेलंही होतं, म्हणून तिला नुसतं पुढचं बोलणंही म्हणता येईना. असल्या भेटीसाठी 'मिलना' अपुरा पडतो. तिथे गटग लागतं, कट्टा लागतो.

आणि मंडळी, दर भागाच्या शेवटी मी "पुढच्या भागात भेटू" म्हणतो. तुम्ही बडोद्यात, बेळगावात, इंदुरात, मी गरौठ्यात. ही भेट अर्धीच आहे, हे मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी कुणाची गाडी झाशीवरून जाणार असेल, तर कळवा. कट्टा करू. फक्त फलाटावर तो शब्द ज़रा धीरे बोलिए.