‘शेतकऱ्यांस’ या शब्दाची परीक्षा : सामाईक आज्ञावलीच्या स्वयंचलित चाचणीचा एक प्रसंग

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. कापसाच्या या मुलखात कोणी भ्रमणध्वनीवर शेतीविषयक सूचना वाचू लागला, की ‘शेतकऱ्यांस’ हा किंवा त्याच घडणीचा शब्द समोर आल्यावाचून राहत नाही. त्यातील यकाराला जोडलेला आडवा अर्धा र पडद्यावर यथातथ्य उमटतो, आणि म्हणूनच तो कोणाच्या ध्यानात येत नाही. हे कसे साधले, याचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

‘आचार्यास’ म्हणजे गुरूस आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. रफार आणि आडवा र यांतील हा भेद मराठीस अर्थभेदक आहे, हिंदीस तो ठाऊक नाही. संगणकाच्या संकेतप्रणालीत या आडव्या रकारासाठी स्वतंत्र चिन्ह नाही. भारतीय मानक संकेतात (१९९१) तो नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त यांनी दर्शविला जाई. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९९६) साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी योजना होती. पुढे दोन्ही रीती मान्य झाल्या. अर्थात आकृती एक, पण तिची अंतर्गत लेखने दोन.

संकेतांवरून आकृती जुळविण्याचे काम अँड्रॉइड, फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस इत्यादींमध्ये ‘हार्फबझ’ नावाची मुक्त आज्ञावली करते. बेहदाद इस्फहबोद यांनी ती नव्याने लिहिली. तिच्या भांडारात अनेक देशांतील लेखक बदल पाठवितात. देवनागरी, बंगाली, तमिळ यांचा बराचसा विचार तीत एकाच संहितेत होतो. त्यामुळे बंगालीसाठी केलेली दुरुस्ती मराठीचा र मोडू शकते, आणि दुरुस्ती करणाऱ्यास मराठीचे एक अक्षरही येत नसते.

हा धोका नवा नव्हे. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले, की एक दोष काढताना दुसरा शिरण्याचा संभव २० ते ५० टक्के असतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर पूर्वीच्या साऱ्या चाचण्या पुन्हा घ्याव्यात. उपाय खर्चाचा होता, हे त्यांनीही मान्य केले. मनुष्यबळाने तो झेपणारा नव्हताच. १९९० नंतरच्या दशकात क्रायस्लर कंपनीच्या वेतनपत्रकाच्या कामावर केंट बेक आणि त्यांचे सहकारी यांनी वारंवार एकत्रीकरण आणि चाचणी हा शिरस्ता घातला. मार्टिन फाउलर यांच्या २००० मधील निबंधाने त्याचा प्रसार झाला. ‘क्रूझकंट्रोल’ (२००१) व पुढे ‘हडसन’, जिचे २०११ मध्ये ‘जेन्किन्स’ असे नामांतर झाले, या साधनांनी ते काम यंत्रावर सोपविले : बदल येताच कोरी प्रत घ्यावी, ती बांधावी, चाचण्या चालवाव्यात, आणि निकाल सर्वांस दिसेल असा लावावा.

हार्फबझमधील चाचणीची मांडणी साधी आहे. एका ओळीत फाँटचे नाव, शब्दाचे संकेत आणि अपेक्षित आकृत्यांचा क्रम. प्रत्यक्ष क्रम त्याहून निराळा निघाला की बदल अनुत्तीर्ण. पण ‘अपेक्षित’ ठरवावयाचे कोणी? आरंभी मायक्रोसॉफ्टच्या ‘युनिस्क्राइब’शी ताडून पाहिले गेले, आणि देवनागरीच्या ७,०७,३९४ शब्दांपैकी ८३ जुळत नाहीत अशी नोंद एका टप्प्यावर आढळते. हे प्रमाण नगण्य भासते. तथापि प्रमाण म्हणून येथे मराठीचे व्याकरण नव्हते, दुसरी एक आज्ञावली होती. तिने आडवा र चुकविला असता तर चूकही उत्तीर्ण झाली असती. शिवाय शब्दसूचीत जे नाही त्याचे रक्षण कोणतेही यंत्र करीत नाही. या भांडारातील देवनागरीच्या चाचण्यांत आडव्या रकारासाठी स्वतंत्र धारिका ठेवलेली आहे, ती याच कारणाने मोलाची वाटते. लेखनाच्या दोन्ही रीतींना मात्र वेगवेगळी ओळ लागते. एकीच्या यशावरून दुसरीचे यश गृहीत धरता येत नाही.