कूलरचं बिल आणि सहावा हिस्सा

वर्ध्यात खोली बघायला आलेल्याचा पहिला प्रश्न: "कूलर आहे ना?" मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे प्रश्न रास्तच. मग घरमालक काही वर्षांनी नवा कूलर आणतो, बिल जपून ठेवतो आणि रिटर्न भरताना सीएपुढे सरकवतो. सीए ते न वाचताच परत करतो!

मंडळी, हे बिल शंभर वर्षांपासून परत येतंय.

१९२२ च्या आयकर कायद्यात कलम ९ होतं. दुरुस्ती मालकाकडे असेल तर घराच्या वार्षिक मूल्याचा सहावा हिस्सा सरळ वजा. दमडी खर्च केली नाही तरी तेवढाच, छप्पर नवं घातलं तरी तेवढाच. हार्डकोड केलेला आकडा म्हणा ना :) देशभरच्या गवंड्यांच्या पावत्या कोण तपासणार? सोय कळते, पण त्यात घर म्हणजे विटा, चुना आणि कौलं. आतल्या यंत्रांना वेगळी जागाच नाही. १९६१ च्या कायद्यानं हेच उचललं. पुढे सहाव्याचा पाचवा झाला, मग चौथा. २००१ च्या बजेटात यशवंत सिन्हांनी दुरुस्ती, वसुली, विमा सगळं एकत्र करून सरसकट ३० टक्के केले. २०२५ च्या नव्या कायद्यातही ३०च. कूलरचं बिल त्यातच जिरलं.

"मग कूलरचं भाडं वेगळं दाखवू की!" ही आयडिया जुनीच. मुंबईच्या सुलतान ब्रदर्सनी हॉटेलसाठी सजवलेली इमारत भाड्यानं दिली होती: इमारतीचे महिना ५,९५० रुपये, फर्निचरचे ५,०००. १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवलं की दोन्ही गोष्टी एकत्रच द्यायच्या होत्या, सबब सगळंच भाडं 'इतर उत्पन्न'. तिथे घसारा मिळतो, पण घरभाड्याची ठरीव वजावट नाही. म्हणजे कूलरपायी घराचे ३० टक्केही जाऊ शकतात.

समजा खरंच वेगळं करता आलं. कूलर ९,००० चा, भाडं महिना ५००, वर्षाचे ६,०००. हेच घरभाड्यात धरले तर १,८०० वजा. वेगळे दाखवले तर पहिल्या वर्षी १५ टक्के घसारा, १,३५०, आणि दरवर्षी कमी होत जाणार. वाळ्याच्या ताट्या अन् पंपाची दुरुस्ती धरून फायदा झालाच तर शे-दोनशेचा. त्यात वेगळ्या कराराचा स्टॅम्पपेपरही बसवायचाय.