खपली : टरफल न सोडणारा गहू

१९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा इथून बारा गव्हांची एक यादी प्रसिद्ध झाली. गव्हाच्या खोडावर पडणारा काळा तांबेरा एकच नसतो, त्याचे अनेक प्रकार असतात. कुठे कोणता प्रकार पसरला आहे हे ओळखण्यासाठी या बारा गव्हांच्या रोपांवर तो सोडायचा आणि कोणते रोप बळी पडते, कोणते तग धरते यावरून निदान करायचे, अशी ही पद्धत. एल्विन स्टॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली आणि पुढे कित्येक देशांनी वापरली. यादीत कॅनडाचा मार्क्विस होता, रशियाकडून आलेला कुबान्का होता, जर्मन नावाचा आइनकॉर्न होता. आणि सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही म्हातारीला ऐकताक्षणी कळले असते असे एक नाव होते : खपली.

जखमेवर धरते ती खपली. या गव्हाचे टरफलही दाण्याला तसेच घट्ट धरून बसते. साध्या गव्हाची मळणी झाली, वाऱ्यावर उफणले, की भूस उडते आणि मोकळा दाणा खाली राशीला पडतो. खपलीचे तसे होत नाही. मळणीत ओंबीचे तुकडे पडतात, पण प्रत्येक तुकड्यात टरफलाच्या आत दोन दाणे एकमेकांना चिकटून बंदच असतात. म्हणून याला कुठे कुठे जोडगहू म्हणतात. शास्त्रीय नावातल्या ‘डायकोकम’चा अर्थही तोच, दोन दाण्यांचा. दाणा हवा असेल तर उखळात घालून सडावे लागते, आणि त्यात पोत्यातला चांगला पाव हिस्सा टरफल म्हणूनच जातो.

या एका टरफलावर खपलीचा सगळा इतिहास फिरतो.

जगात याच गव्हाला एम्मर म्हणतात. माणसाने शेती सुरू केली तेव्हा जी पहिली मोजकी धान्ये हाताशी धरली, त्यातले हे एक. दहा हजार वर्षांच्या आसपासची गोष्ट. तुर्कस्तानच्या आग्नेय भागापासून पॅलेस्टाइनपर्यंतच्या टेकड्यांवर त्याचा रानटी पूर्वज आजही उगवतो. १९०६ मध्ये आरोन आरोनसोन या कृषिशास्त्रज्ञाला गॅलिलीतल्या रोश पिना गावाजवळ खडकाच्या फटीत तो सापडला, तेव्हा गव्हाचे मूळ शोधणाऱ्यांमध्ये खळबळ उडाली. रानटी गव्हाची ओंबी पिकली की आपोआप फुटून विखुरते. शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या न फुटणाऱ्या ओंब्या वेचल्या आणि त्यांचेच बी पेरले, त्यातून शेतातला एम्मर आला. ओंबी फुटायची थांबली, टरफल मात्र तसेच राहिले. आज आपण पोळीला वापरतो तो गहू पुढे एम्मरच्याच कुळात एका रानगवताचा संकर होऊन जन्मला. एम्मरची गुणसूत्रे २८, पोळीच्या गव्हाची ४२.

इजिप्तमध्ये पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांची भाकर आणि त्यांची बिअर या एम्मरवर आणि जवावर चालायची. हिरोडोटसला याचे फार नवल वाटले. इतर लोक गहू आणि जव खातात, इजिप्तचे लोक मात्र त्यात कमीपणा मानतात आणि आपल्या निराळ्या धान्याचीच रोटी करतात, अशी नोंद त्याने केली आहे. रोममध्ये याच धान्याचे नाव ‘फार’. रोमन लोक रोटीवर येण्यापूर्वी कितीतरी काळ याची पेज खाऊन राहत होते. उच्च कुळातल्या लग्नविधीत वधूवरांपुढे याचीच पोळी लागे आणि त्या विधीचे नावही तिच्यावरूनच पडले. पिठाला इटालियनमध्ये ‘फरिना’ म्हणतात तो शब्द इथलाच. त्याहून बोलका शब्द म्हणजे ‘पिस्तोर’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पाव करणारा. मूळ अर्थ मात्र कांडणारा. भट्टीत भाजून, मग उखळात कांडून टरफल काढणे हे काम इतके मोठे होते की कांडणाऱ्याचे नाव पुढे पाव भाजणाऱ्याला लागले.

कांडण्याचे हे कष्टच एम्मरला भोवले. मळणीत मोकळा होणारा गहू मिळू लागला तसे एकेका देशाने एम्मर सोडला. इजिप्तमध्ये अलेक्झांडरनंतर ग्रीक राजवट आली आणि हजारो वर्षांचे हे पीक काही पिढ्यांत मागे पडले. आज ते इथिओपियाच्या पठारावर आहे, इटलीत तोस्कानाच्या डोंगरात ‘फारो’ म्हणून आहे, आर्मेनियाच्या बाजूला थोडे आहे. आणि दख्खनमध्ये आहे.

दख्खनला गहू नवा नाही. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जे उत्खनन केले, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे जव आणि गहू जळून कोळसा झालेल्या रूपात हाती आले. पाणी वळवण्यासाठी खणलेला पाटही सापडला. तरी गहू हे इथले रोजचे अन्न कधी नव्हते. रोजची भाकरी ज्वारी-बाजरीची. गहू सणाचा, पाहुण्यांचा. काळ्या रानात नुसत्या ओलीवर बक्षी, बन्सीसारखे जिरायती गहू येत. विहिरीवर मोट चालवून पाणी द्यायचे असेल तर शेतकरी खपली घाली.

याचे कारण तांबेरा. पाणी दिलेले रान दमट राहते आणि दमट रानात तांबेरा लवकर धरतो. आग्र्याच्या करमचंद मेहतांनी वर्षानुवर्षे अभ्यास करून दाखवले की उन्हाळ्यात मैदानावर तांबेरा जगत नाही. तो निलगिरी, पळणीसारख्या थंड डोंगरांवर तग धरतो आणि हंगामात तिथून वाऱ्याबरोबर उतरतो. म्हणजे दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवर पहिले रान कर्नाटक-महाराष्ट्राचेच. अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या तगून राहिलेला गहू तांबेऱ्याला सहजी बळी न पडणारा असणार, हे ओघानेच आले. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला रोगाचे शास्त्र माहीत नव्हते, पण बागायतात कोणते बी घातले म्हणजे घात होत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. शिवाय टरफलातल्या दाण्याला कणगीत सोंडकिडेही सहसा लागत नाहीत. बी पेरतात तेही टरफलासकट.

सडण्याचे कष्ट बायकांच्या वाट्याचे होते, आणि ते सोसण्याजोगी चव या गव्हात होती. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे जत्रेला, उरुसाला, लग्नाला गव्हाची खीर करतात ती खपलीची. गहू ओलसर करून सडायचा, कोंडा पाखडून काढायचा, मग सावकाश मऊ शिजवायचा. त्यात गूळ, खोबरे, खसखस, सुंठ, बडीशेप. कढईत तासन्‌तास शिजूनही दाणा आपला आकार सोडत नाही, दाताखाली लागत राहतो. सीमेपलीकडे बेळगाव-धारवाडला हीच हुग्गी. शेवया आणि रव्यालाही खपलीचे नाव घेतात. साध्या गव्हाची खीर हिच्या जवळपासही जात नाही, हे ज्याने दोन्ही खाल्ल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही.

इकडे हे चालले असताना तिकडे परदेशात खपलीची निराळीच कामगिरी सुरू झाली होती. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या वॉल्टर वॉटरहाउस यांनी तिचा स्टाइनवेडेल या तिथल्या गव्हाशी संकर केला आणि दोघांची नावे जोडून वाणाला म्हटले ‘खपस्टाइन’. अमेरिकेत १९५० नंतर तांबेऱ्याच्या १५-बी नावाच्या प्रकाराने नॉर्थ डाकोटातला कठीण गहू, म्हणजे मॅकरोनीचा गहू, पार झोपवला. त्याला तोंड देणारे गुण पैदासकारांनी ज्या वाणांतून घेतले, त्यांत खपली होती. तिच्यातल्या एका गुणाच्या जनुकाला पुढे ‘एसआर-१३’ असे नाव पडले.

भारतालाही तांबेऱ्याने सोडले नव्हते. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतातले गव्हाचे पीक काळ्या तांबेऱ्याने बुडवले. मुंबई राज्यात निफाडच्या गव्हाशी केनियाच्या गव्हाचा संकर करून ‘केनफाड’ वाण काढले गेले, ते याच काळजीतून. महाबळेश्वरला थंड, ओल्या हवेत तांबेऱ्यावर काम करणारे गहू गेरवा संशोधन केंद्र आजही आहे.

मग १९६६ साल आले. भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बी आणले, बुटक्या गव्हाचे. त्या गव्हाचे जनक नॉर्मन बोरलॉग हे मिनेसोटाच्या स्टॅकमन यांचेच विद्यार्थी. उपासमारीची भीती समोर उभी होती आणि या गव्हाने ती दूर केली. १९६४-६५ मध्ये १.२ कोटी टनांच्या घरात असलेले देशाचे उत्पादन १९७० पर्यंत दोन कोटी टनांवर गेले. ते काम मोठेच होते, त्याबद्दल दुमत नको. पण उंच वाढणारी, खत वाढवले की लोळणारी, गिरणीवर तशीच नेता न येणारी खपली या नव्या हिशेबात बसली नाही. विहिरीच्या पाण्यावर आधी नवा गहू आला, मग ऊस. आज देशातल्या गव्हाच्या रानात खपलीचा वाटा जेमतेम एक टक्का उरला आहे.

ती अगदी संपली नाही याला शेतकऱ्यांइतकेच काही संशोधकही कारण आहेत. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने खपलीचा बुटका, न लोळणारा डीडीके-१००९ हा वाण दिला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने, म्हणजे १९४६ साली शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी उभारलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, एमएसीएस-२९७१ हा वाण दिला. टरफल काढायला आता यंत्रे आहेत. शहरात खपलीचे पीठ साध्या कणकेपेक्षा पुष्कळ महाग विकले जाते. त्यात ग्लुटेन नसते असे काहीजण समजतात. ते खरे नाही, ज्यांना गहूच चालत नाही त्यांना खपलीही चालत नाही.

१९९८ मध्ये युगांडात तांबेऱ्याचा एक नवा प्रकार आढळला. यूजी-९९ हे त्याचे नाव. जगातल्या बहुतेक गव्हांची प्रतिकारशक्ती त्याने मोडून काढली आणि तो आफ्रिकेतून येमेन, इराणपर्यंत पोचला. त्याच्यापुढे टिकणारी जनुके शोधण्याची धावपळ सुरू झाली, तेव्हा जी थोडी हाती लागली त्यांत एसआर-१३ होते. त्याची नेमकी रचना २०१७ मध्ये उलगडली. कृष्णाकाठी खपली करणारे शेतकरी थोडे उरले आहेत. दिवाळीच्या सुमारास ते अजूनही टरफलासकट बी पेरतात.