नको तो आवाज गाळण्याची विद्या

रेडिओचा इतिहास सांगताना आवाज दूरवर कसा पोहोचला हेच बहुधा सांगितले जाते. आम्हांला मात्र ह्या व्याख्यानात त्याची दुसरी बाजू आपणांपुढे ठेवावयाची आहे. आकाशात एकाच वेळी शेकडो लहरी फिरत असतात. त्यांतून हवी तेवढीच उचलावयाची आणि बाकीच्या बाजूला सारावयाच्या, ही विद्या नसती तर रेडिओ म्हणजे नुसता बाजार झाला असता.

आपला जिल्हा धानाचा. चाळणीचे महत्त्व येथे कोणाला शिकवावयास नको. रेडिओतील फिल्टर ही लहरींची चाळणीच होय. फरक इतकाच की स्टेशन बदलले की तिची भोकेही बदलावी लागतात. ऑलिव्हर लॉज यांनी 1897 साली अशा मेळ साधण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तारेचे वेटोळे आणि कंडेन्सर ह्या जोडीची एक ठरावीक कंपनसंख्या असते. कंडेन्सर फिरवला की ती बदलते. रेडिओच्या खुंटीमागे हेच घडत असे.

मुंबईचे केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले, नागपूरचे 1948 साली. नागपूर भंडाऱ्यापासून सुमारे 60 किलोमीटर. मुंबई त्याच्या दसपटीहून दूर. जवळचा आवाज मोठा, दूरचा क्षीण. अशा ठिकाणी चाळणी ढिली असली तर मोठा आवाज लहानाला गिळून टाकतो.

ह्यावर एडविन आर्मस्ट्राँग यांनी 1918 साली एक युक्ती काढली. चाळणी बदलत बसण्यापेक्षा त्यांनी धान्यच एका पक्क्या चाळणीपाशी आणले. 585 किलोहर्ट्झचे नागपूर केंद्र हवे असेल तर रेडिओ स्वतः 1040 ची लहर निर्माण करतो. दोहोंतील अंतर 455, आणि पुढची बारीक चाळणी तेवढ्याचीच. परंतु 1495 वरील लहरही 1040 पासून 455 च अंतरावर असते! तिला आरंभीच रोखावयाचे तर पुढे एक बदलती चाळणी हवीच. प्रश्न संपला नाही, सोपा झाला.

पुढे यंत्रे लहान होऊ लागली आणि वेटोळे अडचणीचे झाले. 1955 साली अमेरिकेत सॅलन आणि की यांनी वेटोळ्यावाचून, केवळ रोधक, कंडेन्सर व वर्धक यांच्या साहाय्याने फिल्टर करण्याची रीत प्रसिद्ध केली. ह्यालाच सक्रिय फिल्टर म्हणतात. आरंभी तो कमी कंपनसंख्येपुरताच उपयोगी होता. पुढे सिलिकॉनच्या चकतीवर, दाबाचे प्रवाहात रूपांतर करणारे मंडल आणि कंडेन्सर यांच्या जोडीने उंच कंपनसंख्याही हाताळता येऊ लागल्या. मंडलाला पुरवलेला प्रवाह कमीजास्त केला की चाळणी सरकते. खुंटी फिरवण्याचे कारण उरत नाही. उष्णतेने ती आपोआपही सरकते, म्हणून तशीच एक जोडचाळणी क्वार्ट्झच्या ठोक्याशी सतत ताडून पाहतात आणि तिची दुरुस्ती पहिलीला लावतात.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. सक्रिय फिल्टर वीज खातो, स्वतःची खरखर मिसळतो, आणि शेजारचा आवाज फार मोठा झाला तर गोंधळून नसत्याच लहरी निर्माण करतो. म्हणून मागणी अतिशय नाजूक असेल तेथे वेटोळ्याला आजही मान आहे.

अशी नाजूक मागणी पाहावयाची तर नारायणगावजवळील खोडदला जावे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तेथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची दुर्बीण उभी राहिली. दूरच्या तारकाविश्वांच्या लहरी मोबाइल आणि दूरचित्रवाणी यांच्यापुढे अत्यंत क्षीण असतात. त्या गोंगाटाला अडवणारे फिल्टर तेथे बसवावे लागले.

तथापि गोंगाट नेमका हव्या त्याच पट्ट्यात आला तर कोणताही फिल्टर हतबल होतो. तांदूळ आणि खडा एकाच आकाराचे असतील तर चाळणीने काय करावे? म्हणूनच पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीत ह्या दुर्बिणीचा प्रश्न उभा राहिला. रेल्वे लोकांना हवी आहे, आणि शांतता विज्ञानाला. अभियंत्याची विद्या जेथे थांबते, तेथे निवड समाजालाच करावी लागते. ती करताना चाळणी कोठवर चालते हे नागरिकांना ठाऊक असावे, एवढेच आम्हांला सांगावयाचे होते.