अंगणवाडी आणि तिची सेविका

लहान मुलांच्या शिक्षणाचा इतिहास सांगितला जातो, तेव्हां त्यांत मुलांचें वर्णन येतें, खेळण्यांचें व साधनांचें येतें, थोर शिक्षणतज्ज्ञांचेंहि येतें. परंतु जी स्त्री रोज सकाळीं त्या मुलांचीं नाकें पुसते, नखें कापते आणि त्यांना गोल बसवून गाणीं म्हणावयास लावते, तिच्याविषयीं चार ओळीहि क्वचितच सांपडतात. आज भारतांतील तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या अशा स्त्रियांच्या हातीं आहेत. त्यांची हकीकत सांगावयाची, तर ती त्या वेळच्या ठाणे व आतांच्या पालघर जिल्ह्यांतील समुद्रकांठच्या बोर्डी गांवापासून सांगावी लागते.

२४ डिसेंबर १९४५ रोजीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डीस ग्राम-बालशिक्षा-केंद्र सुरू केलें. ताराबाई त्या वेळीं ५३ वर्षांच्या होत्या. १९१४ सालीं त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढें राजकोट येथील स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख म्हणून त्यांनीं काम केलें, आणि १९२३ पासून भावनगरच्या दक्षिणामूर्ति बालमंदिरांत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाची मराठी-गुजराती मंडळींत पायाभरणी केली. १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ मध्यें दादरचा शिशुविहार निघाला. शिशुविहाराचें नांव झालें होतें. अशा वेळीं मुंबई सोडून खेड्यांत जाण्याचें कारण काय?

कारण असें कीं, मॅडम मॉंटेसरींची पद्धति या देशांत हळूहळू पैसेवाल्यांची होऊं लागली होती. वस्तुतः मॉंटेसरीबाईंनीं आपलें पहिलें बालगृह १९०७ सालीं रोम शहरांतल्या सान लोरेन्झो या गरीब मजुरांच्या वस्तींत उघडलें होतें, आणि त्यापूर्वीं त्यांनीं मंदबुद्धि म्हणून टाकून दिलेल्या मुलांवर काम केलें होतें. जी विद्या गरिबाच्या व दुबळ्या मुलासाठीं जन्मास आली, तिचीं साधनें आपल्याकडे येईपर्यंत इतकीं महाग झालीं कीं, गरिबाच्या मुलानें तीं दुरूनच पाहावीं! शहरांत आणखीहि एक नवा प्रयत्न चालू झाला होता. सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें मुंबईंत १९३६ मध्यें निघालेल्या समाजकार्याच्या विद्यालयानें पुढच्याच वर्षीं बालमार्गदर्शनाचें केंद्र काढलें. ज्या मुलाच्या स्वभावांत किंवा वागण्यांत कांहीं अडचण दिसे, त्याला आईबापांनीं तेथें तज्ज्ञांकडे घेऊन यावें, अशी ती योजना. उपक्रम मोलाचा खराच. पण त्यांत मुलाला तज्ज्ञाकडे आणणारें कोणीतरी शहाणें माणूस घरांत असावें लागतें.

बोर्डीच्या हरिजनवाड्यांत असें माणूस कोठून असणार? आईबाप पहांटे कामाला जात. मुलें बालवाडींत येईनात. तेव्हां ताराबाईंनीं बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणांत नेली. सेविका वस्तीवर जात, मुलांना आंघोळ घालीत, केस विंचरीत, आणि मग तेथेंच झाडाखालीं खेळ व गाणीं सुरू होत. अंगणांत भरते ती अंगणवाडी, असें हें साधें नांव. शंखशिंपले, बिया, काड्या, पानें, दगडगोटे हींच साधनें. मॉंटेसरीचें तत्त्व राहिलें, तिच्या पेट्या मात्र मुंबईंत राहिल्या.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावयास हवी. साधनें स्वस्त झालीं, म्हणून काम सोपें झालें नाहीं. उलट, सारा भार सेविकेवर आला. महाग पेटींत जें शहाणपण सुतारानें घालून ठेवलेलें असतें, तें आतां तिच्या अंगीं असावें लागे. कोणतें मूल ऐकूं येत नसल्यामुळें गप्प आहे आणि कोणतें भुकेमुळें, हें तिनेंच ओळखावयाचें. हें ओळखण्याची विद्या शिकवावी लागते, आणि शिकविल्यावर ती टिकविण्यासाठीं पाठीशीं कोणी उभें राहावें लागतें. ताराबाईंना हें भावनगरपासून ठाऊक होतें. तेथें १९२५ मध्येंच बालमंदिराबरोबर शिक्षकांसाठीं अध्यापन-मंदिर निघालें होतें. दूरच्या गांवीं एकटी पडलेली शिक्षिका आपल्या धंद्यापासून तुटूं नये, म्हणून 'शिक्षणपत्रिका' हें मासिक चाले. ही योजना वरवर पाहतां किरकोळ वाटेल. पण एकट्या माणसाला महिन्याकांठीं येणारें चार पानांचें मासिक किती धीर देतें, हें खेड्यांत नोकरी केलेल्या कोणत्याहि शिक्षकास विचारावें.

या पाठिंब्याचें सर्वांत मोठें फळ म्हणजे अनुताई वाघ. १९१० सालीं पुणें जिल्ह्यांतील मोरगांव येथें त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षीं लग्न आणि लग्नानंतर थोड्याच महिन्यांत वैधव्य. त्या काळीं अशा मुलीचें पुढील आयुष्य जवळजवळ ठरलेलें असे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, नाशिक जिल्ह्यांत व नंतर पुण्याच्या हुजूरपागेंत त्यांनीं शिकविलें, आणि नोकरी करीत असतांच रात्रशाळेंतून मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्यें कस्तुरबा निधीच्या बोरिवली येथील शिबिरांत त्यांची ताराबाईंशीं भेट झाली, आणि पुण्यांतली स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीस गेल्या. पुढें १९७३ पर्यंत, म्हणजे ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत, या दोघींनीं एकत्र काम केलें. गुरु आणि शिष्या रोज एकाच अंगणांत उभ्या असणें, हें शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत न मिळणारें प्रशिक्षण होय.

१९५७ च्या सुमारास हें काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. आसपास वारल्यांचे पाडे. मुलें गुरांमागें रानांत, आणि मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटीं भावंडें. मग शाळेशेजारींच पाळणाघर झालें, म्हणजे भावंड तेथें ठेवून ताईला वर्गांत बसतां येई. गुराख्यांसाठीं कुरणशाळा निघाली. गुरें चरत असत आणि शिक्षिका तेथेंच शिकवीत असे. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांना एका सूत्रांत गोंवणाऱ्या या रचनेला विकासवाडी म्हणत. ताराबाईंना १९६२ मध्यें पद्मभूषण मिळालें, अनुताईंना १९८४ मध्यें पद्मश्री. अनुताई १९९२ मध्यें वारल्या.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, आजारी मुलास पुढें दवाखान्यांत पाठविणें, मातांना आहार व आरोग्याचें शिक्षण, आणि शाळेपूर्वींचें शिक्षण, अशीं सहा कामें तींत होतीं. नांव घेतलें तें अंगणवाडीचेंच. योजना देशभर पसरली, आणि तिनें कोट्यवधि मुलांच्या मुखीं घांस घातला, हें मान्य केलेंच पाहिजे.

परंतु नांव घेतांना सेविकेचें स्थान मात्र बदललें. ती नोकर नव्हे, मानसेवी कार्यकर्ती ठरली. आरंभीं मॅट्रिक झालेल्या सेविकेस दरमहा १५० रुपये व न झालेलीस १०० रुपये मानधन होतें. समज असा कीं, सकाळचे चार तास गांवच्या बाईनें सेवाभावानें द्यावेत. पुढें नोंदवह्या वाढल्या, घरभेटी वाढल्या, वजनें घेणें, पाहण्या करणें, लसीच्या दिवशीं घरोघर फिरणें हें सारें तिच्याच माथीं आलें. सेवाभाव तेवढा तोच राहिला. सहा कामांपैकीं जें ताराबाईंचें मूळ काम, तें शिक्षण, तें या धांदलींत बहुधा शेवटीं उरे.

फेब्रुवारी २०१३ मध्यें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघर येथेंच झाला, हा एक योगायोग म्हणावा. जन्मजात व्यंगें, पोषणाची उणीव, बालपणींचे आजार आणि वाढींतील मागासलेपण हीं वेळींच हेरावयाचीं, आणि जिल्ह्याच्या केंद्रांत त्यांवर लवकर उपचार करावयाचे, असा तो कार्यक्रम. डॉक्टरांचें पथक अंगणवाडीस वर्षांतून दोनदां भेट देतें. उरलेले दिवस त्या मुलाकडे पाहणारे डोळे सेविकेचेच असतात.

सेविकांचा प्रश्न न्यायालयांतहि गेला. २००६ मध्यें अमीरबी यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, सेविका राज्याच्या सेवेंतील पद धारण करीत नाहींत. पुढें २५ एप्रिल २०२२ रोजीं गुजरातेंतून आलेल्या एका प्रकरणांत त्याच न्यायालयानें तिला १९७२ च्या कायद्याखालीं ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, आणि ज्याला मानधन म्हणतात तें त्या कायद्याच्या अर्थानें वेतनच आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्रांतील सेविका व मदतनीस संपावर गेल्या. तो संप पन्नासांहून अधिक दिवस चालला, आणि वाढीव मानधन व निवृत्तिवेतन यांच्या बरोबरीनें न्यायालयानें मान्य केलेली ग्रॅच्युइटीहि त्यांच्या मागण्यांत होती.