पाठवणी आणि परतीचं तिकीट

आजच्या तुर्कस्तानात, कोन्याच्या दक्षिणेला, लुस्त्र नावाचं गाव होतं. तिथे पौलाने एका जन्मापासून लंगड्या माणसाला उभं केलं आणि गर्दीत एकच गलका उठला. देव माणसांचं रूप घेऊन आपल्याकडे उतरले आहेत, असं लोक ओरडत होते. त्याचा सोबती बर्णबा याला त्यांनी झ्यूस ठरवलं आणि बोलणारा म्हणून पौलाला हर्मीस. पण हे सगळं ते लुकवनी भाषेत ओरडत होते. पौलाला ग्रीक येत होती, लुकवनी नाही. देवळाचा पुजारी बैल आणि हार घेऊन आला, आपल्यासाठी बळी द्यायची तयारी झाली, तेव्हा कुठे दोघांना उलगडा झाला. मग अंगावरचे कपडे फाडत, आम्हीही तुमच्यासारखी माणसंच आहोत असं सांगत ते गर्दीत धावले. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या चौदाव्या अध्यायातली ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. लोक कुठल्या भाषेत ओरडले हे लिहिणाऱ्याने मुद्दाम का नोंदवलं असेल, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला.

त्या दोघांना अंत्युखियाच्या मंडळीने पाठवलं होतं. उपास केला, प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेवले आणि निरोप दिला. फेरी संपल्यावर ते अंत्युखियालाच परतले आणि मंडळी जमवून घडलेलं सगळं सांगितलं. पाठवणी, परतणं, हकिकत सांगणं. आज दहा दिवसांसाठी परदेशी जाणाऱ्या मिशन-सहलीचा सांगाडा हाच आहे आणि ती काढणारे तिचं मूळ इथवर नेतात. ते चूक नाही. पण त्या दोघांची फेरी महिनोन्महिने चालली होती, आणि ग्रीक भाषेच्या जोरावर. जिथे ती भाषा तोकडी पडली, तिथे लुस्त्र झालं.

‘मिशन’ हा शब्द लॅटिन. मूळ अर्थ पाठवणं, पाठवणी. आपल्या बायबलातला ‘प्रेषित’ही तोच, पाठवलेला. धर्मशास्त्रात हा लॅटिन शब्द बराच काळ पित्याने पुत्राला पाठवण्यासाठी राखलेला होता. सोळाव्या शतकात जेझुइटांनी तो माणसांना लावला. 1540 मध्ये पोपने मान्यता दिलेल्या या संघाने पोप पाठवील तिथे जाण्याचं खास व्रत घेतलं होतं. दोनच वर्षांत, 1542 मध्ये, त्यांच्यातला फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. मराठीत पाठवणी म्हटलं की सासरी निघालेली मुलगी डोळ्यांपुढे येते. हे मिशनही तसंच होतं. जायचं ते नांदायला. मांडवपरतणीची सोय त्यात नव्हती.

जेझुइट थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आला आणि चाळीस वर्षांनी तिथेच वारला. मधल्या काळात त्याने कोकणीचं व्याकरण लिहिलं आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ओवी दोन आठवड्यांत हाताला लागत नाही.

अमेरिकेतून परदेशी झालेली पहिली पाठवणी 6 फेब्रुवारी 1812 ची. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुण एका लाकडी बाकावर बसले, त्यांच्यावर हात ठेवले गेले आणि त्याच महिन्यात ते कलकत्त्याच्या वाटेला लागले. त्यांच्यातल्या एकाची बायको, एकोणीस वर्षांची हॅरिएट न्यूएल, ते वर्ष संपायच्या आत मॉरिशसमध्ये वारली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला पोचले. कंपनी सरकारला ते नको होते, पण ते राहिले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ही अशी. हॉल मराठी शिकला, मराठीत उपदेश करू लागला, नव्या कराराच्या मराठी भाषांतरात बुडून गेला. 1826 च्या मार्चमध्ये नाशिकच्या बाजूला फेरीवर असताना पटकीने तो गेला. नवा करार मराठीत पूर्ण छापून निघाला तोही त्याच वर्षी.

पुढच्याच वर्षी सिंथिया फेरार मुंबईत उतरली. अमेरिकेतून मिशनच्या कामासाठी परदेशी पाठवलेल्या पहिल्या काही अविवाहित स्त्रियांपैकी ती एक. 1862 मध्ये अहमदनगरला तिचा मृत्यू झाला. जोतीराव फुल्यांनी नगरला जाऊन जी मुलींची शाळा पाहिली, ती तिचीच. एवढ्या वर्षांच्या मुक्कामाने काय होतं, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

या जन्मभराच्या पाठवणीची लाट जिथून उसळली, त्या जागेलाही आपल्याकडचा धागा आहे. रॉबर्ट वाइल्डर 1863 मध्ये कोल्हापुरात जन्मला, मिशनरी बापाच्या घरी. पुढे प्रिन्स्टनला शिकला. 1886 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे कॉलेजची सुमारे अडीचशे मुलं महिनाभर बायबल अभ्यासायला जमली होती. वाइल्डर एकेकाला गाठत राहिला आणि महिना संपेपर्यंत शंभर जणांनी परदेशी मिशनला जाण्याचा इरादा लिहून दिला. त्यातून विद्यार्थी स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली आणि तिच्यातून पुढच्या काही दशकांत वीस हजारांवर तरुण-तरुणी परदेशी गेले. उन्हाळ्याची सुट्टी, कॉलेजची पोरं, शिबिर, लिहून दिलेला शब्द हे सगळं पुढच्या मिशन-सहलीने इथूनच उचललं. फरक एवढाच की माउंट हर्मनचा महिना जन्माचा निर्णय घेण्यासाठी होता. पुढे तो महिनाच मिशन झाला.

तो कसा झाला हे समजायला दुसऱ्या एका घराण्यात डोकवावं लागतं. 1920 मध्ये फ्रान्समध्ये, वर्दंच्या रणभूमीजवळच्या एन नावाच्या गावात, पिएर सेरेझोल हा स्विस शांतिवादी ख्रिस्ती माणूस काही सोबत्यांना घेऊन गेला. युद्धाने गाव सपाट झालं होतं. कालचे शत्रू असलेल्या देशांची माणसं मिळून ते उभारायला लागली. फावडी, घमेली, लाकूडफाटा. शब्द नकोत, कृती हवी, हे त्यांचं ब्रीद. या कामातून जी आंतरराष्ट्रीय सेवासंस्था झाली, ती 1934 च्या भूकंपानंतर बिहारमध्येही आली आणि सेरेझोल स्वतः तिथे राबला. ज्या गावात जर्मन आणि फ्रेंच माणसांनी एकमेकांशी काय बोलायचं हाच प्रश्न होता, तिथे शब्द बाजूला ठेवणं हे शहाणपणच होतं. त्या शिबिरांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण परदेशातलं मोजक्या दिवसांचं अंगमेहनतीचं काम हा साचा तिथे तयार झाला, आणि त्यात भाषेची गरज आधीच वजा केलेली होती.

मिशनच्या दप्तरात ‘शॉर्ट टर्म’ हे शब्द आले तेव्हा त्यांचा अर्थ वर्षांमध्ये मोजला जाई. 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी कॉलेज संपवलेले तरुण तीन वर्षांसाठी जपानला पाठवले. त्यांना ‘जे-थ्री’ म्हणत, जपान आणि तीन. युद्धात राख झालेल्या देशात ही मुलं मुख्यतः इंग्रजी शिकवत. भाषेची दिशाच उलटली होती. आता पाहुणा यजमानाची भाषा शिकत नव्हता, स्वतःची शिकवत होता.

मग तीन वर्षांची एक सुट्टी झाली. 1957 च्या उन्हाळ्यात जॉर्ज व्हर्वर दोन मित्रांबरोबर स्पॅनिश पुस्तिकांनी भरलेला ट्रक घेऊन मेक्सिकोत गेला. जे आपल्याला बोलता येत नाही, ते छापून न्यायचं. त्यातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ उभं राहिलं. लॉरेन कनिंगहॅम 1956 मध्ये विशीत बहामात होता. जगाच्या नकाशावर लाटा आदळताहेत आणि त्या लाटा म्हणजे तरुण माणसं आहेत, असं दर्शन आपल्याला झालं, असं तो सांगत असे. 1960 मध्ये त्याने ‘यूथ विथ अ मिशन’ काढलं आणि 1964 च्या उन्हाळ्यात 146 तरुणांना बहामा आणि डोमिनिकन रिपब्लिकला नेलं. दरम्यान 1958 मध्ये बोइंग 707 अटलांटिक ओलांडू लागलं होतं आणि 1961 मध्ये केनेडींनी पीस कोअर सुरू केली होती. हॉलला मुंबई गाठायला वर्ष लागलं. आता परतीच्या तिकिटासकट सगळं दोन आठवड्यांच्या रजेत बसू लागलं. रॉबर्ट वुथनाउ या समाजशास्त्रज्ञाच्या अंदाजानुसार 2005 च्या सुमारास अमेरिकी चर्चमधली सोळा लाख माणसं वर्षाला अशी परदेशी जाऊन येत होती.

दोन आठवड्यांत भाषा येत नाही. या सहलीत दिसणाऱ्या बहुतेक गोष्टी त्या रिकाम्या जागेत वाढल्या आहेत, असं मला वाटतं. भिंती रंगवणं, विटा रचणं, मूकनाट्य, बाहुल्या, हातवाऱ्यांची गाणी, सुट्टीतल्या बायबल शाळेत लहान मुलांसाठी रंगकाम. यातलं काहीही खोटं नाही. जाणारा माणूस पैसे जमवण्यासाठी ओळखीच्यांना पत्रं लिहितो, रजा खर्चतो, प्रार्थना करतो. त्याच्या प्रेमाला वाट हवी असते आणि शब्दांची वाट बंद असते, म्हणून ते हातांतून बाहेर पडतं.

मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका शहरात इव्हान इलिच हा पाद्री मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकवणारं केंद्र चालवायचा. एप्रिल 1968 मध्ये मेक्सिकोत सेवेसाठी येऊ घातलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांपुढे तो बोलला. बघायला या, शिकायला या, आमचे डोंगर चढा, मदत करायला येऊ नका, असं त्याने तोंडावर सांगितलं. तो कठोर होता, पण परकी भाषा घोटायला माणसाला किती दिवस लागतात हे रोज बघणारा होता. 1998 मध्ये मिच वादळाने होंडुरास उद्ध्वस्त झालं तेव्हा उत्तर अमेरिकेतून गट घरं बांधायला आले. तिथेच राहणारे अभ्यासक कर्ट व्हर बीक यांनी ती घरं आणि स्थानिक गवंड्यांनी बांधलेली घरं यांची तुलना केली. एका घराला सुमारे दोन हजार डॉलर लागत, तर एका गटाच्या येण्याजाण्याचा खर्च तीस हजारांच्या घरात जाई. घर कुणी बांधलं, याने त्यात राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात फरक पडलेला दिसला नाही. बांधकामासाठी ही माणसं लागत नव्हतीच. मग त्यांनी का जायचं, याचं उत्तर विटांमध्ये शोधून सापडणार नाही.

आमच्या गावच्या मंडळीत एकदा अकरा जणांचा असा गट आला होता. माझी ताई तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकत होती, म्हणून पाळकसाहेबांनी दुभाषाचं काम तिच्यावर सोपवलं. उपासनेनंतर त्यांच्यातली एक मुलगी साक्ष द्यायला उभी राहिली. तुमच्यासाठी माझ्या मनावर भार आहे, असं काहीसं ती म्हणाली. इंग्रजी बोलणाऱ्या मंडळ्यांमध्ये ‘बर्डन’ हा नेहमीचा शब्द, कळकळीसाठी वापरतात. ताईने सरळ भाषांतर केलं, “तुमचं मला ओझं वाटतं.” पुढच्या सतरंजीवरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सगळ्यांची जेवणं याच बायकांनी पहाटेपासून रांधली होती. त्या मुलीला काही कळेना, पण लोकांचे चेहरे उतरलेले तिला दिसत होते.

तेव्हा आमच्या शेजारची आजी बसल्या जागेवरून बोलली, “अगं ओझं कसलं! काळजी म्हण. तिला आपली काळजी वाटतीय.” ताईने ते म्हटलं, आणि बायका हलल्या, पदर सावरून नीट बसल्या. मुलीने ताईला विचारून घेतलं, मघाशी काय झालं. कळल्यावर तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी इतर जण शब्बाथशाळेची भिंत रंगवत होते, तेव्हा ती आजीच्या ओट्यावर वही घेऊन बसली होती. ‘काळजी’मधला ळ तिच्या जिभेला येत नव्हता. आजीने तोंड उघडून, जीभ वर वळवून तिला दाखवली आणि पुन्हा म्हणायला लावलं.