शेततळ्यातील भरजरी वाण : जपानी कोईचा इतिहास

उद्यानांतील तळ्यांची शोभा म्हणून आज जगभर पाळला जाणारा कोई हा मासा मुळात जपानी शेतकऱ्याच्या हिवाळी बेगमीचा भाग होता. होन्शू बेटावरील निइगाता प्रांतात, ओजिया व यामाकोशीच्या डोंगराळ पट्ट्यात, हिवाळ्यात तीन-तीन मीटर बर्फ साचून वाड्यावस्त्यांचा संपर्क तुटत असे. म्हणून भातखाचरांना पाणी पुरवणाऱ्या तळ्यांत कार्प मासे, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचे भाऊबंद, वाढवले जात व अडचणीच्या दिवसांत तेच ताटात येत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या काळपट माशांच्या पिलांत क्वचित तांबडी वा पांढरी छटा असलेली पिले निपजू लागली, आणि ती न खाता वेगळी राखून त्यांची आपसांत पैदास करण्याचा नाद तेथील शेतकऱ्यांना लागला. त्यांना आज 'निशिकीगोई' म्हणतात. 'निशिकी' म्हणजे रंगीत धाग्यांनी विणलेले भरजरी कापड.

पांढऱ्या अंगावर लाल डाग असलेला 'कोहाकू' हा वाण मेजी काळात, म्हणजे 1868 ते 1912 च्या दरम्यान, स्थिरावला आणि आजही तोच पारखीची कसोटी मानला जातो. मासा तळ्याच्या काठावरून पाहिला जात असल्याने परीक्षा पाठीची होते : पांढरा रंग पिवळसर झाक नसलेला हवा, लाल रंग सगळीकडे सारख्या दाटीचा हवा आणि डागाची मागची कड सुरीने कापल्यासारखी रेखीव हवी. दोन डागांच्या माशाला 'निदान', तीन डागांच्या माशाला 'सान्दान', तर पाठभर नागमोडी गेलेल्या सलग पट्ट्याला 'इनाझुमा', म्हणजे वीज, असे नाव आहे. केवळ मस्तकावर कुंकवाच्या टिळ्यासारखा एकच गोल लाल डाग असेल तर तो 'तान्चो'; हे नाव तांबड्या तुऱ्याच्या जपानी क्रौंच पक्ष्यावरून आले.

यात काळा रंग मिसळला की नवख्याची फसगत ठरलेलीच. 'तैशो सान्शोकू' आणि 'शोवा सान्शोकू' या दोन्ही वाणांत पांढरा, लाल व काळा असे तीनच रंग असतात आणि दोन्ही नावे सम्राटांच्या कारकिर्दींवरून पडलेल्या कालगणनेतील आहेत. पहिल्यात काळे ठिपके पांढऱ्या पाठीवर शिंपडल्यासारखे असतात व मस्तकावर येत नाहीत. 1927 मध्ये जुकिची होशिनो यांनी सिद्ध केलेल्या दुसऱ्यात मात्र काळा रंगच पायाभूत असून तो मस्तकावर व छातीच्या परांच्या मुळाशीही दिसतो. शोवाची निवड अंडी फुटल्यावर काही दिवसांतच सुरू होते : काळी पिले ठेवली जातात आणि फिकट पिले काढून टाकली जातात. पुढेही निवडीच्या अनेक फेऱ्या होतात व एका मादीच्या लाखो अंड्यांमधून मोजकेच मासे उरतात, त्यामुळे या सौंदर्याचा इतिहास हा बव्हंशी नाकारलेल्या माशांचा इतिहास आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

जर्मनीहून 1904 मध्ये आणलेल्या, अंगावर जवळजवळ खवले नसलेल्या कार्पशी संकर करून निळसर पाठीचा 'शूसुई' निघाला. एकरंगी सोनेरी 'ओगोन' दुसऱ्या महायुद्धानंतर आला. या माशांना डोंगराबाहेर ओळख मिळाली ती 1914 च्या तोक्योतील प्रदर्शनाने, ज्यानंतर काही मासे युवराज हिरोहितो यांना भेट देण्यात आले.

23 ऑक्टोबर 2004 च्या भूकंपात यामाकोशीतील अनेक तळी फुटली, रस्ते खचले आणि अख्खे गाव रिकामे करावे लागले. वाचलेले कोई नंतर हेलिकॉप्टरने बाहेर काढण्यात आले. पुढच्या वर्षी यामाकोशी नागाओका शहरात विलीन झाले, आणि 2017 मध्ये निइगाताने निशिकीगोईला आपला प्रांतीय मासा म्हणून घोषित केले.